हापूसच्या पानातला डीएनए

मित्रहो, डीएनए काढण्याची ठरलेली कृती भाताच्या कोवळ्या रोपावर बिनतक्रार चालते. आंबा, कोकम, कोरफड समोर आली की तीच कृती हात टेकते. आज आंब्याच्या पानाबद्दलच बोलतो. कोकणात कलमांची ओळख पटवायची, जुन्या रायवळ झाडांची नोंद ठेवायची, तर सुरुवात या पानापासून होते.

वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं. आंब्याचं पान वाटताना तेच घडतं. जिवंत पेशीत पॉलिफेनॉल, म्हणजे वनस्पतीतली तुरट संयुगं, रिक्तिकेत (पेशीतल्या द्रवाच्या पिशवीत) कोंडलेले असतात. पान चुरडलं की रिक्तिका फुटते, त्यांची गाठ ऑक्सिडेज विकराशी (एन्झाइमशी) आणि हवेतल्या ऑक्सिजनशी पडते, आणि क्विनोन नावाची चटकन चिकटणारी संयुगं तयार होतात. हे क्विनोन डीएनएला असे जखडतात की पुढे कितीही धुतलं तरी सुटत नाहीत. म्हणून माझं ठाम मत आहे : गडद तपकिरी झालेला नमुना साफ करत बसू नका, नवं पान घ्या.

खरं काम पहिल्या काही मिनिटांतच होतं. पान कोवळं हवं. कुंडीतलं रोप असेल तर आधी एक-दोन दिवस अंधारात ठेवा, साठलेला स्टार्च बराच खर्ची पडतो. द्रव नायट्रोजनमध्ये वाटा आणि पूड वितळायच्या आत ६५ अंशांच्या बफरमध्ये, म्हणजे डीएनए काढण्याच्या द्रावणात, टाका. त्यातलं पीव्हीपी हे पॉलिमर पॉलिफेनॉलना धरून ठेवतं, मर्कॅप्टोइथेनॉल ऑक्सिडेशन रोखतं. हे दुसरं रसायन विषारी आहे, फ्यूम हूडखालीच हाताळा.

दुसरी अडचण चिकट शर्करांची, म्हणजे पॉलिसॅकराइडांची. इथे सीटॅब हे साबणासारखं रसायन उपयोगी पडतं. मरे आणि थॉम्पसन यांनी १९८० मध्ये मांडलेली ही पद्धत मिठाच्या प्रमाणावर उभी आहे. बफरमध्ये मीठ भरपूर असलं की डीएनए विरघळलेला राहतो आणि सीटॅब प्रथिनं व बऱ्याचशा शर्करांना घेऊन पुढे क्लोरोफॉर्म मिसळला की बाजूला होतं. नेहमीचं प्रमाण १.४ मोलर, चिकट पानांसाठी ते २ मोलर किंवा त्याहून वर नेतात.

मोजणी करताना २६० आणि २८० नॅनोमीटरच्या प्रकाशाच्या शोषणाचं गुणोत्तर (२६०/२८०) १.८ आलं की विद्यार्थी खूश होतात. ते मुख्यतः प्रथिनांबद्दल सांगतं. शर्करा आणि फेनॉल २३० नॅनोमीटरला दिसतात, म्हणून २६०/२३० सुद्धा बघा; ते २ च्या आसपास हवं. पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवताना, जेलवर पट्टा येत नसेल तर डीएनए दहापट पातळ करून पाहा. पट्टा उमटला, तर डीएनए होताच, प्रती बनवणाऱ्या टॅक पॉलिमरेज विकराला अडवणारं काहीतरी त्याच्यासोबत आलं होतं.

लांब वाचनाच्या सिक्वेन्सिंगसाठी, म्हणजे डीएनएचे लांब तुकडे सलग वाचण्यासाठी, अखंड, लांब रेणू लागतात. तिथे व्हॉर्टेक्सवर (नळी जोरात घुसळणाऱ्या यंत्रावर) फिरवणं नको आणि पिपेटची टिप रुंद तोंडाची हवी. वाटलेली पूड आधी थंड सॉर्बिटॉल बफरमध्ये धुवा. सेंट्रिफ्यूज केलं की डीएनए असलेली केंद्रकं तळाशी बसतात, चिकट द्रव वर राहतो. तो ओतून टाका. वरचा द्रव पातळ दिसेपर्यंत पुन्हा धुवा, आणि मगच सीटॅब घाला.