कड्यातलं घर

[दृश्य : मोबाइलचा पडदा. करडा, सरळसोट कडा. पडद्यावर टेकलेला अंगठा.]

हा कडा हाताला लागत नाही, काच लागते. तरी गेले बावीस दिवस, दुपारचं जेवण झालं की या घरातली दोन मुलं याच कड्यात राहायला जातात.

ताई चौदा वर्षांची, भाऊ दहाचा. गाव चाळीसगाव तालुक्यातलं, सातमाळ्याच्या रांगेच्या पायथ्याला. महिना मे. कपाशीची रानं नांगरून उघडी पडलीत, रस्त्यावर चिटपाखरू नाही. तिकडे भुसावळला पारा ४५ अंशांच्या वर गेलाय, इथेही फार वेगळं नाही. फोन घरात एकच. वडील जेवून आडवे झाले की तो मुलांच्या हाती येतो आणि 'माइनक्राफ्ट' उघडतं.

[दृश्य : खेळातलं जग. उगवता चौकोनी सूर्य.]

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. सगळं जग ठोकळ्यांचं. एक ठोकळा म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच. झाड तोडलं की लाकूड हाती येतं, लाकडाची फळी होते, फळीपासून कुदळ, कुदळीने दगड फुटतो आणि त्या दगडातून आणखी चांगली कुदळ. कोणी काही शिकवत नाही. वीस मिनिटांत एक दिवस आणि एक रात्र उलटते. रात्री झोंबी येतात, हाडांचे सापळे धनुष्य घेऊन येतात. अंधार पडायच्या आत डोक्यावर छप्पर हवं, एवढी एकच अट.

१७ मे २००९ ला स्वीडनमध्ये हा खेळ पहिल्यांदा लोकांसमोर आला, पुरा होऊन निघाला १८ नोव्हेंबर २०११ ला. तेव्हा त्यातले डोंगर आजच्यासारखे नव्हते. ३० नोव्हेंबर २०२१ ला जगाची उंची वाढवली, तळापासून माथ्यापर्यंत ३८४ ठोकळे झाली, आणि खरे वाटावेत असे कडे, सुळके, खोल दऱ्या आल्या. ताईने निवडलेला कडा अशाच एका डोंगराचा आहे. खाली नदी, वर बर्फ, मधे उभा दगड.

[दृश्य : खेळात संध्याकाळ. भाऊ घाईघाईने कडा फोडतोय.]

पहिली रात्र भाऊने काढली ती दोन ठोकळे उंच आणि एक ठोकळा रुंद बिळात. आत शिरला आणि मागे दगड लावून घेतला. पडदा काळा झाला. बाहेर कोणीतरी घुरघुरत होतं. ते ध्वनिमुद्रण आम्ही या माहितीपटात जसंच्या तसं ठेवलंय.

सकाळी ताईने फोन घेतला आणि म्हणाली, "इथेच घर करू. पण बांधायचं नाही."

मैदानात घर करायचं तर चार भिंती उभ्या कराव्या लागतात, वर छत टाकावं लागतं. कड्यात भिंती आधीपासून असतात, छतही असतं. जिथे आपण राहणार तेवढाच दगड काढायचा. जे उरेल ते घर.

[दृश्य : वहीचं पान. पेन्सिलने आखलेला नकाशा.]

गणिताच्या वहीचं शेवटचं पान. ओटा तीन ठोकळे पुढे. मग दार. मग माजघर, नऊ लांब, सात रुंद, चार उंच. खाली गुणाकार मांडलाय : २५२. एक दगडी कुदळ १३१ घाव टिकते. दोन कुदळींत २६२. म्हणजे दोन कुदळींत माजघर निघतं आणि दहा घाव शिल्लक राहतात. शेजारी तिने छोटं चित्र काढलंय, दोन कुदळींचं.

दारापासून माजघरापर्यंत दोन ठोकळ्यांची भिंत सोडलीय. एका ठोकळ्याने भागलं असतं. का सोडली, याकडे आपण येऊ.

[दृश्य : खेळ. ताई छताखालचा पहिला थर काढतेय.]

आता हे नीट बघा. ती खालून वर जात नाही. आधी सगळ्यात वरचे दोन थर काढते, छताला लागून असलेले. नऊ गुणिले सात गुणिले दोन, एकशे सव्वीस ठोकळे. मग त्याच दगडावर उभी राहून खालचा थर. मग त्याखालचा. शिडी लागत नाही, परांची लागत नाही. पायाखालचा न काढलेला दगड हीच तिची परांची. भाऊने खालून सुरुवात केली होती. ताईने त्याचा हात धरून थांबवलं.

[दृश्य : पितळखोरे. वरून दरीत उतरणाऱ्या पायऱ्या.]

मुलांच्या गावातून जे डोंगर दिसतात, त्यांच्याच पोटात पितळखोऱ्याची लेणी आहेत. आम्ही भल्या सकाळी गेलो, ऊन चढायच्या आत. इथे वरच्या पठारावरून पायऱ्यांनी खाली उतरावं लागतं. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास इथे कोरकाम सुरू झालं. दगड आपलाच काळा बेसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन बनलेला.

[दृश्य : विहारातली खोली. दारातून आत येणारा उजेड.]

भिक्खूंच्या खोल्या अशा. कॅमेरा आत नेला तर पाच पावलांत उजेड संपतो आणि पाठीवरचा घाम गार होतो.

लेणी वरून खाली कोरत. अजिंठ्याचं २४ क्रमांकाचं लेणं अर्धवट राहिलंय, तिथे हे सरळ वाचता येतं. आधी छत, मग खांबांचे माथे, मग खाली. ज्यांनी ते कोरलं त्यांचाही उपाय तोच होता. अजिंठ्याच्या कड्याखालून वाहणारी वाघूर पुढे जळगाव जिल्ह्यात येऊन तापीला मिळते. म्हणजे हे शहाणपण कुठल्या लांबच्या मुलखातलं नाही. आमच्या खोऱ्यातलं आहे. चौदा वर्षांच्या मुलीला ते कोणी सांगितलं नव्हतं. तिच्या हाताला ते सापडलं, आणि आम्हाला हे फार मोठं वाटतं.

[दृश्य : खेळ. छतातून टपकणारा थेंब.]

अकराव्या दिवशी आतली खोली खोदताना छतातून थेंब पडू लागले. या खेळात दगडाच्या वर पाणी असेल तर खालून ते थेंब दिसतात. भाऊ कुदळ उगारून उभा.

"पानी शे, थांब."

मराठी शाळेत, अहिराणी घरात. घाईच्या वेळी अहिराणीच तोंडात येते.

तिने छत फोडलं नाही. खोली दोन ठोकळे डावीकडे सरकवली. मग बाजूने शिरून पाणी मोकळं केलं आणि जमिनीत एक ठोकळा रुंद नाली काढली. सपाटीवर पाणी उगमापासून सातच ठोकळे धावतं, मग जिरतं. तिने सातव्या ठोकळ्याला एक पायरी उतरवली, की पाणी पुन्हा सात ठोकळे पुढे. अशा तीन पायऱ्यांनी पाणी कड्याच्या तोंडाशी आणून दरीत सोडलं. बाहेरून बघितलं तर घराच्या अंगणातून धबधबा पडताना दिसतो.

[दृश्य : पडदा अचानक करडा. खडी कोसळते.]

हा अपघात तेराव्या दिवसाचा. दगड जागच्या जागी तरंगतो, पण वाळू आणि खडी या खेळात आधार काढला की कोसळते. छतामागे खडीचा थर होता. भाऊ त्यात गाडला गेला आणि त्याच्याजवळचं सगळं सामान सांडलं. ते पाच मिनिटांत गोळा करावं लागतं, नाहीतर नाहीसं होतं. दोघांनी फोन एकमेकांच्या हातातून ओढत ते गोळा केलं. पितळखोऱ्यातही लेण्यांचे कितीतरी दर्शनी भाग ढासळलेत. दगड फोडण्याआधी दगडाची जात ओळखावी लागते.

[दृश्य : आजीचं घर. बाहेरून. धाबं, पांढरी माती.]

आता आजीकडे.

हे धाब्याचं घर. आजी लग्न होऊन आली तेव्हाही हे जुनंच होतं. भिंतीत आम्ही हात घालून पाहिला. खिडकीच्या कडेपासून आतल्या पृष्ठभागापर्यंत कोपर बुडतो. खाली दगड, वर माती. लाकडी खांब, खांबांवर तुळया, त्यावर आडवी लाकडं, वर पालापाचोळा, आणि सगळ्यात वर मातीचा जाड थर. दरवर्षी पावसाआधी धाब्यावर खारी माती टाकायची, दाबायची, उतार बघायचा. ज्या वर्षी ती राहून जाते त्या वर्षी श्रावणात घरभर भांडी मांडावी लागतात. आजी हे बोलता बोलता हाताने उतार दाखवते. तिचा तळहात बघा.

[दृश्य : धाब्यातलं साणं. वरून पडलेला उजेडाचा तुकडा.]

वर एकच साणं, म्हणजे धाब्याला ठेवलेलं भोक. उजेड तेवढाच, धूरही तिथूनच जातो. बाहेरून आत आलं की डोळ्यांना अंधारी येते, आणि मग हळूहळू दिसू लागतं : भिंतीतलं बळद, त्यात ज्वारी. चुलीच्या दोन बाजूंना भिंतीत दोन देवळ्या, म्हणजे कोनाडे. एकीत कंदील असायचा. आता तिथे काडीपेटी आणि भावाचा चार्जर.

[दृश्य : दुपार. आजी जमिनीवर आडवी. पंखा नाही.]

वीज गेलीय. शेजारच्या नव्या स्लॅबच्या घरातली माणसं ओट्यावर येऊन बसलीत. आजी झोपलीय.

स्लॅब पावसाला बरा, हे आम्ही नाकारत नाही. धाब्याला माती लागते, माणूस लागतो, दरवर्षी हात लागतो. पण मे महिन्यातल्या दुपारी दोन वाजता खानदेशात ज्याला झोप लागते, त्याच्या घराबद्दल काही शिकण्यासारखं असतं. जाड माती दिवसभर ऊन पोटात घेते आणि ते आतपर्यंत पोचेस्तोवर रात्र होते. भिंत जाड, भोकं कमी, दार उन्हाच्या उलट बाजूला. पितळखोऱ्याच्या खोलीत तेच, आजीच्या माजघरात तेच.

[दृश्य : ताई आणि आजी. आजीच्या हातात फोन, उलटा धरलेला.]

ताईला विचारलं, खेळात तर ऊन लागत नाही, मग दोन ठोकळ्यांची भिंत कशाला? दार उत्तरेला कशाला?

ती आधी हसली. मग म्हणाली, "दार इकडेच असतं ना."

आजीने फोन सुलटा केला. बराच वेळ बघितलं. मग पडद्यावरच्या काळोख्या दारावर बोट ठेवलं. "आठे ऊन येस नही," म्हणाली. इथे ऊन येत नाही. तिने आणखी एकच विचारलं : पावसाचं पाणी कुठून जातं? भाऊने तिला नाली दाखवली. आजीने तो धबधबा तीनदा बघितला.

[दृश्य : खेळ. ओटा, रात्र. मागून हिरवी आकृती.]

क्रीपर नावाचा प्राणी. एरवी गप्प असतो, जवळ आला की फुसफुसतो आणि दीड सेकंदात फुटतो. एकोणिसाव्या रात्री ओट्याचा कोपरा उडाला, दारही गेलं. आतलं माजघर शाबूत. दोन ठोकळ्यांची भिंत. दुसऱ्या दिवशी ओटा परत भरला आणि त्यावर मशाली लावल्या, कारण हे प्राणी अंधारातच उगवतात. मशालीचा उजेड खेळाच्या मापात चौदा, दर ठोकळ्याला एकाने कमी होत जातो.

[दृश्य : भाऊ, भट्टीपाशी.]

फोडलेला दगड पुन्हा सपाट करायचा तर भट्टीत भाजावा लागतो. एकाला दहा सेकंद, एका कोळशात आठ दगड. भाऊने जमिनीच्या त्रेसष्ट दगडांसाठी आठ कोळसे मोजून ठेवले. त्याला काळा दगड हवा होता, "आपल्यासारखा." बेसाल्ट या खेळात आहे, पण मुबलक मिळतो तो नेदरमध्ये, आगीच्या जगात. तिकडे जायची तयारी अजून नाही. सध्या करड्यावर भागवलंय.

[दृश्य : आजीच्या घराचा दरवाजा. बंद.]

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात हे घर उतरवलं. घरकुलाचे पैसे मंजूर झाले होते, जागा तीच होती. तुळया विकल्या. तेव्हा आम्ही तिथे नव्हतो.

[दृश्य : फोनचं रेकॉर्डिंग. मुलांनी स्वतः पाठवलेलं.]

हे त्यानंतरचं. शाळा सुरू झालीय, म्हणून फक्त रविवारी. कड्यातलं माजघर पूर्ण झालंय. मधे भट्टी. वर छतात ताईने एक ठोकळा काढलाय, तिथून आकाश दिसतं. भिंतीला लागून एकावर एक पेट्या, भाऊ त्यांना बळद म्हणतो. ताई भट्टीच्या उजवीकडे, डोळ्यांच्या उंचीवर, भिंतीतला एक ठोकळा काढते. त्या पोकळीत मशाल ठेवते. दोन पावलं मागे येऊन बघते.

मग डावीकडे वळते आणि कुदळ उचलते.