टमाटा कढईत, फेजोआ सातासमुद्रापार

[दृश्य : जळगाव जिल्ह्यातलं एक स्वयंपाकघर. कढईत शेंगदाण्याचं तेल तापलंय.]

निवेदन :
लसूण पडला. मागोमाग भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याचं वाटण, काळा मसाला, आणि मग बारीक चिरलेले टमाटे. शेवभाजीत टमाटा काही घरांत चालतच नाही. आपण आज घालणाऱ्यांच्या घरी आलोय. टमाटा सरस की फेजोआ नावाचं परदेशी फळ, हे ताडून पाहायला.

[दृश्य : टमाटे मऊ पडतात, कडेनं तेल सुटतं.]

टमाट्याला लाल रंग देणारं द्रव्य म्हणजे लायकोपीन. कच्च्या टमाट्यात ते पेशींच्या भिंतीआड अडकलेलं असतं. आच लागली की भिंती फुटतात. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात टमाटे ८८ अंश सेल्सिअसला तापवून पाहिले होते. २००२ साली प्रसिद्ध झालेले त्याचे निष्कर्ष सांगतात, की अर्ध्या तासात क जीवनसत्त्व २९ टक्क्यांनी घटलं, पण हाती लागणारं लायकोपीन दुपटीहून जास्त झालं. शिवाय ते तेलात विरघळतं, म्हणून फोडणीतला टमाटा नुसत्या पाण्यात उकडलेल्यापेक्षा अंगी जास्त लागतो. तर्रीचा लालभडक रंग मात्र बराचसा मिरचीचा. ते श्रेय टमाट्याला द्यायला नको.

[दृश्य : हिरवी, अंडाकृती फळं. सुरीनं दोन भाग, आत दुधट गर.]

हा फेजोआ. मूळचा दक्षिण ब्राझील आणि उरुग्वेकडचा. आज न्यूझीलंडमध्ये लोक परसातल्या झाडाखाली पडलेली फळं वेचतात, मधोमध कापतात आणि चमच्यानं गर खातात. वास अननस आणि पेरूच्या मधला. आपल्या बाजारात तो शोधू नका. या झाडाला हिवाळ्यात थोडी थंडी हवी आणि उन्हाळा बेताचा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जाणाऱ्या जळगावात त्यानं काय करावं?

[दृश्य : पाट्यावर एकीकडे टमाटे, दुसरीकडे फेजोआ. आकडे पडद्यावर.]

अमेरिकेच्या कृषी खात्याचे तक्ते १०० ग्रॅमचा हिशेब देतात. शिजलेल्या टमाट्यात १८ कॅलरी, फेजोआत ६१. फेजोआत साखर जास्त, त्यामुळे हे होणारच. पोटॅशियममध्ये टमाटा थोडा पुढे, क जीवनसत्त्वात फेजोआ : २३ मिलिग्रॅमला ३३. खरी तफावत तंतूंची आहे. टमाट्यात जेमतेम ०.७ ग्रॅम, फेजोआत ६.४. पोट साफ राहावं म्हणून कुणी टमाट्याच्या भरवशावर बसला असेल, तर त्यानं भाकरी सोडू नये. उलट लायकोपीनसाठी फेजोआ कामाचा नाही. टमाट्यात ते सुमारे ३,००० मायक्रोग्रॅम असतं.

एक भाजीत विरघळून जाणार, दुसरं नुसतं खायचं. यांच्यात जिंकलं कोण, हा प्रश्न मला तरी फारसा पटत नाही. आणि तंतू नि क जीवनसत्त्वच हवं असेल, तर फेजोआच्या कुळातलाच एक गडी आपल्या बाजारात पाटीभर बसलेला असतो.

[दृश्य : बाजारात जांबांची पाटी. एक जांब चिरला, आत गुलाबी गर.]

जांब, म्हणजे पेरू. १०० ग्रॅममध्ये तंतू ५.४ ग्रॅम, फेजोआच्या जवळपास. क जीवनसत्त्व मात्र २२८ मिलिग्रॅम, फेजोआच्या सुमारे सातपट! गर गुलाबी असेल तर लायकोपीन ५,२०० मायक्रोग्रॅमच्या घरात, म्हणजे शिजलेल्या टमाट्याहूनही जास्त. पांढऱ्या गराच्या जांबाकडून ती अपेक्षा ठेवू नये.

तिखट-मीठ लावून खाल्ला तरी छानच. पण लायकोपीनला तेल लागतं, हे ध्यानात ठेवून गुलाबी जांबाची कोशिंबीर करून पाहा : दही, मीठ, चिमूटभर साखर, आणि वरून हिंग-मोहरीची फोडणी. शिजवायचा नसल्यामुळे क जीवनसत्त्वालाही फारसा धक्का लागत नाही.