लेझर प्रिंटरचं पान वाचायला शिका

तुमच्यातले बरेच जण तालुक्याच्या गावात प्रिंटर दुरुस्तीचं दुकान टाकणार, म्हणून मी रोज टेबलावर येणाऱ्या मशीनबद्दलच बोलतो, म्हणजे कॅननचा एलबीपी 2900, एचपीचा 1020 आणि एम1005. सेतू केंद्र असो, वकिलाचं ऑफिस असो नाहीतर पतसंस्था, अजूनही हीच मशीन चालू दिसतात, आणि तिन्हींचं इंजिन, म्हणजे आतली छापायची यंत्रणा, कॅननचंच. कार्ट्रिजही, म्हणजे टोनरची पावडर आणि ड्रम असलेला डबा, जवळपास तेच, एचपीवर 12ए लिहितात आणि कॅननवर 303.

आता माझं म्हणणं एवढंच आहे की स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी खराब पान हातात घ्या. कस्टमर म्हणतो प्रिंट खराब येते, आपण लगेच म्हणतो ड्रम (ज्यावर आधी इमेज तयार होते तो रोलर) गेला, हजार-पाचशेचं बिल होतं आणि चार दिवसांनी तोच माणूस परत दारात. मला याचा खरंच राग येतो, कारण नेमकं काय गेलंय ते त्या पानावर स्पष्ट दिसत असतं.

डाग किंवा रेघ ठरावीक अंतराने परत येते का ते बघा, येत असेल तर सरळ मोजपट्टी लावा. प्रत्येक रोलर गोल फिरतो, त्यावरचा ओरखडा दर फेरीला एकदा कागदावर उमटतो. या मशीनमधल्या ड्रमचा व्यास 24 मिलिमीटर, म्हणजे घेर साधारण 75. डाग दर 75 मिलिमीटरवर आला तर ड्रमच. 38 च्या आसपास आला तर ड्रमला चार्ज देणारा चार्जिंग रोलर, आपण ज्याला पीसीआर म्हणतो तो. 55 ते 60 च्या मधे आला तर फ्यूजरकडे, म्हणजे उष्णतेने टोनर कागदावर पक्का करणाऱ्या भागाकडे बघा. उभी बारीक काळी रेघ वरपासून खालपर्यंत सलग असेल तर मोजायचं काही नाही, बहुतेक वेळा ड्रमवरचा उरलेला टोनर खरवडणारं वायपर ब्लेड झिजलेलं असतं नाहीतर ड्रमच्या पूर्ण घेराभोवती ओरखडा पडलेला असतो. आणि रिफिल करताना वेस्ट टोनरचा, म्हणजे खरवडून काढलेल्या पावडरचा कप्पा रिकामा न करता पावडर भरलेली असेल तर तो भरून वाहतो आणि पानभर घाण पडते, अशा वेळी नवा ड्रम टाकून काही उपयोग नाही, आधी कप्पा साफ करा.

मोजूनही कळलं नाही तर पान अर्ध्यावर असताना झाकण उघडा, मशीन थांबतं. कार्ट्रिज काढा आणि ड्रमवरची इमेज बघा, मग फ्यूजरपर्यंत न पोचलेल्या कागदाच्या भागावर काय आहे ते बघा. ड्रमवर नीट आणि कागदावर फिकट असेल तर ड्रमवरचा टोनर कागदावर ओढणारा ट्रान्सफर रोलर. कागदावरही चांगली असेल आणि बाहेर आल्यावरच बिघडत असेल तर दोष फ्यूजरचा. हे करायला दोन मिनिटं लागतात आणि एक रुपया लागत नाही! फक्त ड्रम उजेडात उघडा ठेवू नका, लगेच कापडाने झाका.

फ्यूजरवर जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. आत सिरॅमिक हीटर, त्यावर फिरणारी पातळ फिल्म ज्याला बाजारात सगळे टेफ्लॉन म्हणतात, आणि खाली रबराचा प्रेशर रोलर. बोटाने अक्षरं पुसली जात असतील, पानावर चुण्या पडत असतील, टकटक आवाज येत असेल तर फिल्म फाटलेली असू शकते. स्टेपलची पिन आत गेली, किंवा अडकलेला कागद कुणी उलट्या दिशेने जोरात ओढला की ती फाटते. फिल्म बदलताना आत हाय टेम्परेचरचंच ग्रीस लावा, साधं ग्रीस तिथे टिकत नाही, सुकतं आणि मग फिल्म घासून परत फाटते. प्रेशर रोलरचं रबर फुगलंय किंवा तुकडे पडलेत का तेही त्याच वेळी बघा, नुसती फिल्म बदलून भागत नाही. आणि हे सगळं मशीनचा प्लग काढून, गार झाल्यावर.

कागद न उचलणं हा वेगळा आजार. ट्रेमधून कागद ओढणारा पिकअप रोलर गुळगुळीत झालेला असतो, त्यावर कागदाची धूळ बसते, ओल्या कापडाने पुसला तरी बऱ्याचदा चालतो. सॅंडपेपर मारू नका, थोडे दिवस चालतं पण रबर अजून झिजतं. दोन-दोन पानं एकत्र येत असतील तर पानं एकेक वेगळी करणारं सेपरेशन पॅड बघा, आणि एकामागोमाग कागद ओढले जात असतील तर पिकअपच्या सोलेनॉइडवरचा (विजेवर हलणारा चुंबकी खटका) छोटा फोम बघा, तो चिकट झाला की रोलरला फिरवणारा क्लच वेळेवर सुटत नाही. तिथे नवा फोम लावला की काम होतं, रोलर बदलायची गरज नसते.

सांडलेली पावडर घरच्या व्हॅक्यूमने ओढू नका, ती इतकी बारीक असते की फिल्टरमधून परत हवेत येते. थंड पाण्यात भिजवलेलं कापड वापरा, गरम पाण्याने टोनर वितळून चिकटतो. आणि बिलासोबत आधीचं आणि नंतरचं अशी दोन्ही पानं पिन करून द्या, जुना पार्टही हातात द्या, म्हणजे पुढच्या वेळी कुणीही मशीन उघडलं तरी त्याला मागच्या वेळी काय झालं होतं ते समजेल.