हरवलेला माणूस आणि दोन रजिस्टरं

श्रोतेहो, नमस्कार.

प्रत्येक पोलीस ठाण्यात दोन वेगवेगळी रजिस्टरं असतात. एक मिसिंगचं. घरातून गेलेला माणूस परत आला नाही, की त्याची नोंद इथे होते. दुसरं अकस्मात मृत्यूचं, ज्याला पोलीस ए.डी. म्हणतात. नदीत, रुळावर, उसाच्या फडात अनोळखी मृतदेह मिळाला, की त्याची नोंद तिथे. पहिली नोंद माणूस राहतो त्या गावच्या ठाण्यात होते, दुसरी मृतदेह मिळाला त्या हद्दीत. वर्षानुवर्षं न उलगडलेली बरीच प्रकरणं या दोन रजिस्टरांच्या मधे अडकलेली असतात. शाहूपुरीत घरचे लोक वाट बघत असतात आणि त्याच माणसाचा पंचनामा ऐंशी मैलांवर कधीच होऊन गेलेला असतो.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात हे का होतं, ते पंचगंगेकडे बघितलं की कळतं. नदीवर राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ असे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. हिवाळ्या-उन्हाळ्यात त्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले असतात, म्हणून पाण्यात गेलेलं काहीही पुढच्या बंधाऱ्याला अडतं. तेव्हा शोध एका टप्प्यापुरता ठेवता येतो. पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढले, की नदी मोकळी होते. मग शिवाजी पुलाजवळ पाण्यात पडलेला माणूस नृसिंहवाडीच्या संगमापर्यंत जाऊ शकतो, तिथून कृष्णेत आणि पुढे राजापूर बंधारा ओलांडून चिकोडी तालुक्यात. तिथं पोलीस कर्नाटकचे, कागद कानडीत. म्हणून जून ते सप्टेंबरात कुणी नदीकाठावरून बेपत्ता झालं असेल, तर करवीर आणि शिरोळ तालुक्यातल्या ठाण्यांबरोबर पलीकडच्या ठाण्यांनाही शोधपत्रिका जायला हवी, तीही कानडीत. हे कुणी आपणहून करेल असं धरून चालू नका. तपासी अंमलदाराला विचारा, पत्र कुठं कुठं गेलं आणि जावक क्रमांक काय.

पाण्यातला मृतदेह लगेच वर येत नाही. आधी तळाशी जातो आणि कुजण्यातून वायू तयार झाला की तरंगतो. उन्हाळ्यात साधारण एका दिवसात, थंडीत दोन-तीन दिवसांत, खोल गार पाण्यात आणखी उशिरा. तोवर चेहरा इतका सुजलेला असतो की सख्ख्या भावालाही ओळख पटत नाही. शवागारात एकदा डोकावून "आमचा नव्हे" म्हणून परत फिरलेले नातेवाईक असतात, आणि पुढं डीएनएवरून तो त्यांचाच निघू शकतो. चेहऱ्यावर भिस्त ठेवू नका. दात बघा, कपडे बघा, जुन्या ऑपरेशनची खूण बघा. बोटांची कातडी सुटून आली असली, तरी तिच्यावरून ठसे घेता येतात.

आणि इथंच नोंदीतलं वर्णन कामी येतं, किंवा वाया जातं. "रंग गहूवर्ण, बांधा मध्यम, उंची पाच फूट पाच इंच, अंगात पांढरा शर्ट." या वर्णनात निम्मं कोल्हापूर बसतं. खबर देताना सांगायचं ते असं: शर्टाच्या कॉलरला कुठल्या शिंप्याची पट्टी आहे, इस्त्रीवाल्याची खूण कुठं आहे, हातावर काय गोंदलंय, चपलेचा नंबर किती, कुठला दात पडलाय, कुठल्या दाताला टोपी आहे. पायात रॉड किंवा प्लेट बसवली असेल तर हॉस्पिटलचा कागद शोधून जोडा. त्या प्लेटवर कंपनीचं नाव आणि बॅच क्रमांक असतो. शरीराचा सांगाडा उरला तरी तो क्रमांक उरतो.

फोटोचंही तसंच. पासपोर्टचा दहा वर्षांपूर्वीचा फोटो देऊ नका, फिल्टर लावलेला तर नकोच. एक अलीकडचा, एक उभा पूर्ण आणि एक हसतानाचा, दात दिसणारा. कवटी मिळालीच, तर ती फोटोवर जुळवून बघताना दातांची ठेवण सगळ्यात उपयोगी पडते. नोव्हेंबरात ऊसतोड सुरू झाली, की दहा-बारा फुटांच्या फडात जे वर्षभर कुणाला दिसलं नव्हतं ते कोयत्याला लागतं, आणि तेव्हा हातात हाडंच असतात. घरातला त्या माणसाचा कंगवा, ब्रश, न धुतलेला बनियन कागदी पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल राहते आणि नमुना खराब होतो. आई-वडील किंवा मुलं असतील, तर त्यांच्या रक्ताचा नमुना पोलिसांमार्फत देता येतो. आई-वडील थकलेले असतील तर हे लांबवू नका.

"चोवीस तास थांबा" असं कुणी सांगितलं, तर तसा नियम कुठल्याही कायद्यात नाही हे लक्षात ठेवा. लगेच जा. हद्द आमची नाही असंही ऐकून घेऊ नका. भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात द्यायची सोय आहे, आणि ठाण्याने नकार दिला तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येतं. मूल अठराच्या आतलं असेल, तर साधी मिसिंग करून चालतच नाही, अपहरणाचा गुन्हाच नोंदवावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेत हे घालून दिलं. चार महिन्यांत मूल मिळालं नाही, तर तपास मानवी तस्करीविरोधी पथकाकडे जायला हवा. ही चार महिन्यांची तारीख घरच्यांनी कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

मुलांच्या बाबतीत हा कडकपणा का हवा, हे कोल्हापूरला वेगळं सांगायला नको. १९९० ते १९९६ या काळात गावित मायलेकींनी कोल्हापूर, पुणे, नाशिक, ठाणे अशा भागांतून गर्दीतली मुलं उचलली. तेरा मुलांच्या अपहरणाचा तो खटला कोल्हापूरच्याच सत्र न्यायालयात चालला आणि २००१ मध्ये निकाल लागला. प्रत्येक मूल वेगळ्या शहरातलं, नोंद वेगळ्या ठाण्यातली. १९९६ मध्ये नाशिकला अटक होईपर्यंत हे सगळं एकाच टोळीचं काम आहे हे कुणाला दिसलं नव्हतं. आता सीसीटीएनएस या पोलिसांच्या संगणक जाळ्यामुळे ठाणी एकमेकांना जोडलेली आहेत, पण संगणकात जसं भरलं तसंच सापडतं. नावाचं स्पेलिंग चुकलं, वयाच्या जागी अंदाज टाकला, की जुळवणी फसते. नोंदीची प्रत मागा आणि तिथंच उभं राहून वाचा.

मोठ्या माणसाच्या बाबतीत मिसिंग म्हणजे गुन्हा नव्हे, नुसती नोंद. त्यामुळे तपासाला जोर कमी असतो. घातपाताचा संशय असेल तर तो कारणासकट लेखी द्या. आणि इथं स्पष्ट बोलायला हवं: घरातले लोकच अर्धी माहिती लपवतात. कर्ज होतं, भांडण झालं होतं, डोक्याच्या गोळ्या चालू होत्या, कुणाशी संबंध होते, हे अब्रूपायी सांगितलं जात नाही. पोलीस मग आठवडाभर चुकीच्या दिशेला फिरतात आणि त्याच आठवड्यात पुरावा मरतो.

पुरावा मरतो म्हणजे कसा? सीसीटीव्हीचं बघा. दुकानात आठ कॅमेरे आणि एक टीबीची डिस्क असेल, तर साधारण आठवडा-दहा दिवसांनी जुन्यावर नवं चढतं. पत्र येईपर्यंत थांबलात तर फुटेज गेलं. दुकानदाराला विनंती करून तेवढा भाग वेगळा काढून ठेवायला सांगा आणि अंमलदाराला लगेच कळवा, म्हणजे ते भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रासह रीतसर ताब्यात घेतील. दुसरी गोष्ट घड्याळाची. रेकॉर्डरच्या पडद्यावर ४ वाजून १० मिनिटं आणि तुमच्या मोबाइलवर ४ वाजून ३२, असं सर्रास असतं. दोन्ही एकत्र दिसतील असा एक फोटो काढून ठेवा. बावीस मिनिटांचा फरक लक्षात आला नाही, तर मध्यवर्ती बसस्थानकावर माणूस कुठल्या गाडीत बसला याचा शोध चुकीच्या गाडीवर जातो. गारगोटीच्या गाडीऐवजी सांगलीच्या कंडक्टरचा जबाब घेतला जातो.

मोबाइलच्या "शेवटच्या लोकेशन"बद्दल फार गैरसमज आहेत. टॉवर माणूस दाखवत नाही, फोन कुठल्या पट्ट्यात होता ते दाखवतो. राजारामपुरीत हा पट्टा काही शे मीटरचा असतो, गगनबावडा किंवा शाहूवाडीच्या डोंगरात काही किलोमीटरचा. घाटमाथ्यावर फोन कोकणातला टॉवर पकडू शकतो, कागलच्या पुढं कर्नाटकातला. कर्नाटकातल्या टॉवरसाठी दुसऱ्या टेलिकॉम सर्कलचीही माहिती मागवावी लागते. आणि शेवटचं लोकेशन म्हणजे बॅटरी संपली ती जागा, एवढाच अर्थ असू शकतो. कंपन्यांना कॉलच्या नोंदी किमान दोन वर्षं ठेवाव्या लागतात. त्यानंतर त्या मिळतीलच असं नाही, म्हणून मागवल्या का हे पहिल्या महिन्यातच विचारा. त्या माणसाचा नंबर प्रीपेड असेल तर रिचार्ज चालू ठेवा, नाहीतर काही महिन्यांनी तो बंद होऊन दुसऱ्याच कुणाला मिळतो. घरी राहिलेल्या फोनवर पासवर्डचे अंदाज मारत बसू नका, रिसेट तर मुळीच करू नका. आणि फोनवरून "मी ठीक आहे" असा मेसेज आला म्हणजे तो त्यानेच पाठवला असं नाही. आवाज ऐकल्याशिवाय शोध थांबवू नका.

व्हॉट्सॲपवर फोटो फिरवताना घरचा नंबर टाकला, की दोन दिवसांत "तुमचा मुलगा आमच्याकडे आहे, आधी पाच हजार पाठवा" असे फोन सुरू होतात. नंबर पोलीस ठाण्याचा द्या, आणि एक खूण मुद्दाम जाहीर करू नका. फोन करणाऱ्याला तीच विचारा. देवर्षी आणि जाणत्याकडे जाणारे जातातच, त्यांना अडवून उपयोग नसतो. पण त्याने "पूर्वेला आहे" सांगितलं म्हणून पश्चिमेचा शोध सोडू नका.

शोध जिवंत माणसाचाही असतो. विस्मरण झालेली म्हातारी माणसं सहसा जुन्या ओळखीच्या वाटेने जातात. शाहू मिलमध्ये आयुष्य गेलेला माणूस मिलच्या दिशेने चालू लागतो, लग्नाआधीचं घर आठवणारी आजी माहेरच्या गावच्या एसटीत बसते. आधी घराजवळची आडोशाची जागा बघा: बंद गोठा, ओढा, ऊस. मग जुने पत्ते. मनोरुग्ण अवस्थेत भटकणारी व्यक्ती मिळाली, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १०० प्रमाणे पोलिसांनी तिची नोंद करून नातेवाईक शोधायचे असतात. म्हणून रत्नागिरी आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयांत, निवारा केंद्रांत फोटो पाठवा. मिरज जंक्शनवरून गाड्या पुणे, पंढरपूर, बेळगाव अशा तिन्हीकडे फुटतात, आणि रुळावरची नोंद लोहमार्ग पोलिसांकडे असते, शहर ठाण्यात ती दिसत नाही. तिथं वेगळं विचारावं लागतं. मूल असेल तर १०९८, इतर वेळी ११२.

प्रकरण जुनं झालं, तरी मृतदेह मिळाला नाही म्हणून तपास संपत नाही. हातकणंगले तालुक्यातल्या आळते गावच्या सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे-गोरे एप्रिल २०१६ मध्ये नवी मुंबईतून बेपत्ता झाल्या. गुन्हा दाखल व्हायला जानेवारी २०१७ उजाडलं. त्यांच्याच खात्यातल्या अधिकाऱ्याला डिसेंबरात अटक झाली आणि पनवेलच्या न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये त्याला जन्मठेप दिली. मृतदेह शेवटपर्यंत हाती लागला नाही. नऊ वर्षं घरचे मागे लागले होते म्हणून हे इथवर आलं, हे मात्र यंत्रणेला शोभणारं नाही.

तुमच्याकडे अशी जुनी फाइल असेल, तर आधी मिसिंगची प्रत काढा. मग त्या तारखेपासून पुढच्या वर्षभरातल्या अनोळखी मयतांची यादी, नदीकाठच्या आणि रेल्वेच्या ठाण्यांसकट, लेखी मागा. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवरही बेपत्ता आणि अनोळखी मृतदेह शोधता येतात. अपहरणाचा गुन्हा "अ" समरीत गेला असेल, तर त्याचा अर्थ गुन्हा खरा पण आरोपी मिळाला नाही. नवा धागा मिळाला की तो पुन्हा उघडता येतो. कुणीतरी डांबून ठेवल्याचा संशय असेल तर बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका आहे, आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्यामुळे तिच्यासाठी मुंबईला जावं लागत नाही.

सात वर्षं काहीच कळलं नाही, तर साक्ष अधिनियमाच्या कलम १११ प्रमाणे माणूस मरण पावला असं न्यायालय गृहीत धरू शकतं. ते आपोआप होत नाही, दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागतो. मृत्यू कुठल्या तारखेला झाला, हे या कलमातून ठरत नाही, आणि विम्याची गाडी इथंच अडते. माणूस गेला त्याच दिवशी वारला असं समजून हप्ते बंद केले, तर पॉलिसी लॅप्स होऊ शकते आणि सात वर्षांनी हातात काही न पडण्याची वेळ येऊ शकते. निकाल लागेपर्यंत हप्ते भरत राहा आणि पावत्या मिसिंगच्या प्रतीबरोबर एकाच फाइलीत ठेवा.

आणि माणूस परत आला, तर तेही ठाण्यात जाऊन सांगा. पुष्कळ घरं सांगत नाहीत, आणि घरी बसलेल्या माणसाची नोंद वर्षानुवर्षं उघडी राहते. सज्ञान माणूस आपणहून गेला असेल आणि परत यायचं नसेल, तर पोलीस त्याचा जबाब घेतात आणि तो सुखरूप आहे एवढंच घरच्यांना कळवतात. पत्ता द्यायचा की नाही, हे त्याने ठरवायचं.

नमस्कार.