पॉवर बीआयमध्ये डेटासेट एकच ठेवा, रिपोर्ट हवे तेवढे करा

नमस्कार मंडळी! सोमवारची मीटिंग, सेल्सवाल्यांच्या रिपोर्टमध्ये यंदाची विक्री वेगळी, फायनान्सवाल्यांची वेगळी, आणि दोघंही छातीठोकपणे सांगतायत आमचाच आकडा बरोबर. आमच्याकडे हे झालंय. अर्धा दिवस डोकं लावल्यावर कळलं की एकाने टोटल-वायटीडीचा, म्हणजे वर्षाच्या सुरुवातीपासूनच्या बेरजेचा, फॉर्म्युला लिहिताना शेवटी ३१ मार्च टाकलंच नव्हतं, आणि ते नाही टाकलं की पॉवर बीआय (आम्ही रिपोर्ट बनवतो ते मायक्रोसॉफ्टचं टूल) वर्ष ३१ डिसेंबरला संपवतं, म्हणजे याची बेरीज जानेवारीपासून, त्याची एप्रिलपासून. झाला ना घोळ!

म्हणून हिशोब एकाच जागी ठेवायचा. एक फाईल फक्त मॉडेलची, म्हणजे टेबल्स, रिलेशनशिप्स (टेबलांमधले दुवे), मेजर्स (हिशोबाचे फॉर्म्युले), ती वर्कस्पेसमध्ये, म्हणजे टीमच्या ऑनलाइन फोल्डरमध्ये, पब्लिश करायची. मग कोरी फाईल उघडून गेट डेटामधून तेच मॉडेल जोडायचं, तिथे त्याला सिमँटिक मॉडेल म्हणतात. (२०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने डेटासेटचं हे बारसं केलं, आमच्याकडे अजून सगळे डेटासेटच म्हणतात.) हे लाइव्ह कनेक्शन असतं, डेटा तुमच्या फाईलमध्ये येतच नाही, त्यामुळे फाईल एकदम हलकी. रिफ्रेश पण एकाच मॉडेलचा, प्रो लायसन्सवर दिवसातून ८ वेळा शेड्यूल करता येतो.

दुसऱ्या टीमला रिपोर्ट बनवायचाय? मॉडेलवर बिल्ड परमिशन (त्यावर रिपोर्ट बनवायची परवानगी) द्या, बास. कटकट नको म्हणून लोक सरळ वर्कस्पेसमध्ये काँट्रिब्युटर (बदल करू शकणारा सदस्य) करून टाकतात, आणि मग तुम्ही मेहनतीने लावलेली रो लेव्हल सिक्युरिटी (कोणाला कुठल्या ओळी दिसाव्यात त्याची मर्यादा) त्या माणसाला लागूच होत नाही, नागपूरचा मॅनेजर पुण्याचे आकडे आरामात बघत बसतो.

आता खरी गंमत. एका शुक्रवारी संध्याकाळी मी एका मेजरचं नाव बदललं, 'सेल्स'चं 'नेट सेल्स'. त्याच फाईलमधले चार्ट आपोआप सुधारतात हो, पण बाहेरून जोडलेल्या रिपोर्टना याचा पत्ता नसतो, तिथे चार्टच्या जागी नुसती एरर. बरं, पब्लिश करताना पॉवर बीआय डेस्कटॉपने (कॉम्प्युटरवरच्या अ‍ॅपने) विचारलं होतं, किती वर्कस्पेस आणि किती रिपोर्टवर परिणाम होईल ते आकड्यासकट लिहिलं होतं, पण घरी जायची घाई, मी रिप्लेस दाबून मोकळा!

आता आधी सर्व्हिसमध्ये (पॉवर बीआयच्या वेबसाइटवर) इम्पॅक्ट अ‍ॅनालिसिस उघडतो, कोणाचे रिपोर्ट अडकलेत बघतो, तिथूनच त्यांना मेल टाकतो. आणि जुन्या नावाचं मेजर उडवत नाही, त्यात फक्त नव्या मेजरचं नाव लिहून ते हाईड करतो. हाईड केलेलं असलं तरी जुने चार्ट चालतात, आणि महिनाभरात सगळे नव्यावर आले की मग डिलीट.