दारामागचा पट्टा
(शिक्षक-पालक मेळाव्यातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

कोयता आपल्याला नवा नाही. उसाच्या फडात तो चालतो, शहाळ्याच्या गाडीवर चालतो. पण गेल्या काही वर्षांत पुण्यात कोयता म्हटलं की डोळ्यांसमोर पोरं येतात. गाडीवर ट्रिपल सीट बसून उभ्या वाहनांच्या काचा फोडत जाणारी. वाढदिवसाचा केकसुद्धा कोयत्याने कापायचा आणि त्याची रील टाकायची. मग पोलीस पकडतात, टोळीची वस्तीतून धिंड निघते आणि आपल्याला बरं वाटतं. मला त्याच्या आधीचं सांगायचं आहे.

मी निरीक्षणगृहातल्या मुलांशी समुपदेशक म्हणून बोलते. कागदोपत्री ही 'विधिसंघर्षग्रस्त बालकं', म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेली अल्पवयीन मुलं. त्यातल्या एका सोळा वर्षांच्या मुलाने भांडणात दुसऱ्याच्या खांद्यावर वार केला होता. मी म्हटलं, "बोलून मिटलं नसतं का रे?"

"बोलून कोण ऐकतं मॅडम? मारलं की ऐकतात."

"हे तुला कोणी सांगितलं?"

बराच वेळ तो नखं कुरतडत बसला. मग म्हणाला, "मी ऐकायचो ना."

त्याच्या घरी दारामागे एक खिळा होता आणि खिळ्याला जुना पट्टा. कमरेला लावायचा नव्हे, मारायचा. शाळेतून आलं की दप्तर टेकवायच्या आधी तो दारामागे बघायचा. पट्टा जागेवर नसला, तर वडिलांच्या हातात आहे असं समजायचं. ते वडील पुढे मला भेटले. टेम्पो चालवतात, पोरासाठी जीव टाकतात. म्हणाले, "मारलं नाही तर धाक कसा राहणार? आमच्या बापाने तर आम्हाला आसुडाने फोडलंय." ते खोटं बोलत नव्हते. त्यांना दुसरं काही कोणी दाखवलंच नव्हतं.

मार खाल्लेलं प्रत्येक मूल पुढे हात उचलतं, असं अजिबात नाही. तसं असतं तर आपलं काही खरं नव्हतं. २००७ साली केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतल्या पाहणीचा अहवाल काढला, त्यात महाराष्ट्र आणि गोवाही होते. दर तीन मुलांमागे दोघांनी शारीरिक मार सोसलेला होता. म्हणजे बहुतेक मुलं हे गिळतात आणि जगतात. पण ज्याला घरी मार, शाळेत अपमान आणि नाक्यावरच्या 'भाई'कडून पहिल्यांदा पाठीवर थाप मिळते, तो कुठे जाणार? धिंडीबद्दल माझा आक्षेप हाच आहे. चारचौघांत मान खाली घालायला लावणं, हेच तर तो लहानपणापासून शिकत आलाय.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत चाकूहल्ल्यांचा असाच सुळसुळाट होता. तिथल्या पोलिसांनी २००५ साली हिंसाचाराकडे साथीच्या रोगासारखं बघायचं ठरवलं. पुढे जखमी होऊन आलेल्या तरुणाशी इस्पितळातच कोणीतरी जाऊन बोलू लागलं, कारण बदल्याचा बेत तिथेच शिजतो. आपल्याकडे त्याच वेळी टाके पडतात, एमएलसीची, म्हणजे पोलिसांसाठीच्या वैद्यकीय प्रकरणाची नोंद होते आणि पोरगं मित्रांच्या गाडीवर बसून निघून जातं.

शिक्षकांना हात जोडून एक सांगते. वर्गात मारणं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेच बंद केलं आहे, ते तुम्हाला माहीत आहे. मी चिठ्ठीबद्दल बोलतेय. 'आपला पाल्य वर्गात दंगा करतो' असं लिहून तुम्ही चिठ्ठी घरी पाठवता, तेव्हा काही घरांत त्याच रात्री पट्टा खाली उतरतो. म्हणून सही करण्याआधी त्या मुलाला बाजूला घेऊन विचारा, "ही घरी दिली तर काय होईल?" तो गप्प राहिला, एप्रिलच्या उन्हातही लांब बाह्यांचा शर्ट घालून येत असला, तर चिठ्ठी टेबलाच्या खणात ठेवा आणि १०९८ ला, मुलांच्या मदतवाहिनीला फोन करा. चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत.