इंजिन गेलं, घर उरलं

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये, बोटॅलॅकचा हा कडा. खाली अटलांटिक आदळतोय आणि लाटांच्या जेमतेम वर या दोन दगडी वास्तू. पहिल्यांदा पाहणारे यांना पडका किल्ला समजतात, नाहीतर चर्च. ही खाणीची इंजिनघरं आहेत. खालचं १८३५ सालचं, पाणी उपसायचं. वरचं १८६२चं, खनिज ओढून काढायचं. खाण कथलाची आणि तांब्याची, आणि तिचे बोगदे थेट समुद्राच्या तळाखाली शिरलेले.

आता असल्या घराची ही एक भिंत नीट बघा. बाकीच्या तिघींपेक्षा जाड, पण उंचीला कमी. हिच्या माथ्यावर ओतीव लोखंडाची अजस्र तुळई तोललेली असे, मुलांच्या सी-सॉसारखी. आतलं टोक वाफेच्या दट्ट्याला जोडलेलं. बाहेरच्या टोकाला पंपाचे दांडे, खाणीच्या विहिरीत खोल उतरलेले. कॉर्नवॉलमधल्याच पूल गावात, टेलर्स शाफ्ट नावाच्या खाणविहिरीवर असं एक इंजिन अजून जागेवर आहे. त्याची नुसती तुळई ५२ टनांची! एवढं वजन रात्रंदिवस वरखाली होणार, तर भिंत हलून कसं चालेल? म्हणून हा ग्रॅनाइट. घर म्हणजेच यंत्राचा सांगाडा.

१८६०च्या दशकात तांब्याचे भाव कोसळले आणि खाणी एकामागून एक बंद पडू लागल्या. इंजिनं सुटी करून दुसऱ्या खाणींना विकली, उरली ती भंगारात गेली. टेलर्स शाफ्टचं इंजिनही मूळचं तिथलं नव्हेच. १८९२ साली ते दुसऱ्या खाणीसाठी बनलं, १९२४मध्ये इकडे आलं. भिंती कोण उचलून नेणार? माणसं मात्र गेली. ऑस्ट्रेलियाला, मेक्सिकोला, आणि आपल्याकडे कोलारच्या सोन्याच्या खाणींवरही.

२००६ साली हा सगळा खाणप्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. फोटो काढणारे बहुतेक जण कड्यावरूनच परततात. त्यांनी थोडं वर चढून यावं.

या बुटक्या, वळणावळणाच्या खोल्या सोमलाच्या, म्हणजे आर्सेनिक या विषाच्या. इथल्या कथलाच्या खनिजात सोमल मिसळलेला असायचा. भट्टीत खनिज भाजलं की त्याची वाफ निघे. ती या खोल्यांमधून नागमोडी फिरवत धुराड्याकडे न्यायची. वाटेत ती थंड होई आणि भिंतींवर पांढरा थर धरे. एकही चाक नाही, दट्ट्या नाही, सगळं काम भिंतींचं. मग भट्टी थांबवून माणसं आत शिरत, नाकात कापसाचे बोळे कोंबून, अंगाला चिकणमाती फासून, आणि तो थर खरवडून काढत. बचावाची साधनं एवढीच! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या मालाला अमेरिकेत मोठं गिऱ्हाईक होतं. कपाशीवरची कीड मारायला तो लागायचा.